टेबलावर जोडलेल्या रेघा

रेघाताईंचं खरं नाव वेगळंच होतं. नकाशांच्या कचेरीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी थट्टेने हे नाव चिकटवलं आणि हजेरीपट सोडला तर सगळीकडे तेच चालू झालं. नवऱ्याच्या चष्म्यांच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा "रेघाताई आहेत का घरात?" असंच विचारायची.

ताई एका जागी बसायच्या त्या फक्त कचेरीतल्या उतरत्या टेबलापाशी. हातात शाईचं पेन असलं की चार-चार तास मान वर नाही; पेन खाली ठेवलं की पायाला भिंगरी. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, वर्तमानपत्र तर खोलीत येरझाऱ्या घालतच. त्या निवृत्त झाल्या तेव्हा टेबल सुटलं आणि भिंगरी तेवढी उरली. घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली भिंगं घासत बसलेल्या नवऱ्याला डोक्यावरच्या पावलांवरून कळायचं की आता बाई स्वयंपाकघरात आहे, आता खिडकीशी, आता पुन्हा स्वयंपाकघरात.

खिडकीतून डोंगर दिसायचा. तो त्या गावात कुठूनही दिसायचाच. उत्तरेला, माथा चाकूने कापल्यासारखा सपाट, आणि अंगावर पाच पायऱ्या. कठीण काळ्या दगडाचा एक थर, त्याखाली मऊ मातकट थर, पुन्हा कठीण, पुन्हा मऊ. मऊ थर पाण्याने झिजून उताराचे झाले आणि कठीण थर कडे होऊन उभे राहिले, म्हणून लांबून तो एखाद्या राक्षसाच्या जिन्यासारखा दिसतो. दुसऱ्या पायरीवर झरा, तिसरीवर खिंड. सुट्टीच्या दिवशी तीन-चारशे माणसं चढतात. पहिल्यांदा येणाऱ्याची एक फजिती ठरलेली: गावातून जो माथा दिसतो तो माथा नव्हेच. तिथे धापा टाकत पोचलं की मागे आणखी एक चढ उभा असतो, चाळीस मिनिटांचा, आणि खरं शिखर त्याच्या टोकाला.

शिखरावरून डोंगर दोन सोंडा खाली सोडतो. एक आग्नेयेला, जिच्यावरून सगळे चढतात-उतरतात. दुसरी पश्चिमेला. वरून पाहिलं तर दोन्ही सख्ख्या बहिणी. तेच गवत, तीच रुंदी, तोच हलका उतार. उघडीप असेल तर खाली गाव दिसतं आणि चुकायचं कारण उरत नाही. पण धुकं उतरलं की माणूस आपल्या बुटांपलीकडे पाहू शकत नाही.

अशाच एका धुक्याच्या रविवारी एक शिक्षिका आणि तिचा भाऊ पश्चिमेच्या सोंडेवर उतरले. भाऊ वर थांबला म्हणून वाचला. शिक्षिका एका घळीत पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि दोर घेऊन लोक पोचेपर्यंत एकोणीस तास तिथेच पडून राहिली.

मंगळवारच्या अंकात ही बातमी सात-आठ ओळींची होती. ताईंनी ती येरझाऱ्या घालताना वाचली आणि खोलीच्या मधोमध थांबल्या. पश्चिमेच्या सोंडेवर घळ? त्यांनी कपाटातून नकाशा काढला. घडीचा, हिरव्या कव्हराचा, डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठपिशवीत असतो तो. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनीच काढलेला. पश्चिमेच्या सोंडेवर उंचीच्या रेघा एकमेकींपासून ऐसपैस अंतर ठेवून, सुरेख वळण घेत खाली उतरत होत्या. घळीचा मागमूस नव्हता.

खाली नवऱ्याच्या लक्षात आलं की डोक्यावरचे पाय बंद झालेत. एवढा वेळ शांतता म्हणजे काहीतरी झालं, असं समजून तो गिऱ्हाईक तसंच बसवून वर आला.

ताईंना सगळं लख्ख आठवत होतं. त्या वर्षी मोजणीची तुकडी डोंगरावर गेली आणि पश्चिम बाजू उरलेली असतानाच धुक्याने आठ दिवस मुक्काम ठोकला. तुकडी परत आली. छपाईची तारीख डोक्यावर होती. साहेब म्हणाले, वरची उंची आहे, खालची उंची आहे, मधलं टेबलावर जोडून घ्या. सत्तावीस वर्षांच्या ताईंनी जोडून घेतलं. नकाशा छापून आला तेव्हा साहेबांनी सगळ्या कचेरीसमोर नेमक्या त्याच कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, बघा, हात असावा तर असा.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं एकच: हुकूम साहेबांचा होता, ते साहेब आता हयात नाहीत, धुकं कुणाच्या हातात नसतं, आणि कुणी ताईंकडे बोट दाखवलेलं नाही. उगाच अंगावर ओढून घेऊ नये. ताई "हो" म्हणाल्या. तो खाली गेला आणि पावलं पुन्हा सुरू झाली, आता आधीपेक्षा जोरात.

तीन दिवस ताईंच्या डोक्याला भुंगा लागला होता. भाजी करपली. दुधाचं पातेलं दोनदा उतू गेलं. चौथ्या दिवशी त्या संत्री घेऊन रुग्णालयात गेल्या, बातमी वाचून आले म्हणाल्या, आणि खुर्ची दिली तरी खाटेच्या कठड्याला धरून उभ्याच राहिल्या.

शिक्षिका पस्तिशीची होती, पाय वजनं लावून टांगलेला, गालावर खरचटल्याची खपली. बोलायला कुणी आलं म्हणून तिला बरंच वाटलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. भाऊ म्हणत होता मागे फिरू, असं तिने सांगितलं. त्याला नकाशातलं ओ की ठो कळत नाही, तो नुसता घाबरला होता. तिने मात्र नकाशा उघडून पाहिला होता. "रेघा लांब लांब होत्या," ती म्हणाली. "सौम्य उतार, थेट खालच्या वाटेपर्यंत. मीच त्याला म्हटलं, तू गप्प बस, नकाशा खोटं बोलत नाही."

 ज्याला रेघा वाचता येत नाहीत तो घाबरून मागे फिरला असता. ज्या बाईला त्या नीट वाचता येत होत्या तीच पडली. ताई काहीबाही बोलून तिथून निघाल्या आणि घरी आल्यावर लक्षात आलं की संत्र्यांची पिशवी हातात तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन त्या पुन्हा गेल्या. या वेळी आधी सांगून टाकलं. मोजणी, धुकं, साहेब, टेबल, सगळं, एका दमात. शिक्षिकेने मान खिडकीकडे वळवली. 

"तुम्ही हे मला का सांगताय?" तिने विचारलं.

"घरात बसवत नाही म्हणून."

"म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

 ताई कठड्यावरचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिल्या.

"मला बरं वाटायचं असेल," शिक्षिका म्हणाली, "तर ती रेघ पुसा. मी दरवर्षी वर्गात हाच नकाशा फळ्याला लावते, मावशी. चाळीस मुलं त्यावरून उतार वाचायला शिकतात."

तिथून ताई थेट जुन्या कचेरीत गेल्या. उतरती टेबलं केव्हाच गेली होती. त्या जागी मोठ्या पडद्यांच्या संगणकांची रांग होती. नवी साहेबीण वागायला चांगली होती. तिने ताईंना बसवलं, चहा मागवला, आणि त्या बसत नाहीत हे पाहून स्वतःही उभी राहिली. हल्ली सगळं विमानातून काढलेल्या फोटोंवरून होतं, तिने सांगितलं. पण पश्चिमेची बाजू कड्याच्या सावलीत येते, फोटोत ती काळी दिसते, म्हणून नव्या आवृत्तीतही जुन्याच रेघा उचलल्या आहेत. बदल करायचा तर प्रत्यक्ष मोजणी हवी, अर्ज हवा, समितीची बैठक हवी. बैठक चार महिन्यांनी. आणि आणखी एक, ती चाचरत म्हणाली: पायथ्याचा रंगवलेला फलक, वनखात्याची पुस्तिका, फोनवरचा वाटा दाखवणारा नकाशा, सगळ्यांनी ह्याच रेघा घेतल्या आहेत.

 एका दुपारी टेबलावर काढलेली ती अंदाजाची रेघ इतक्या ठिकाणी जाऊन बसली होती, आणि प्रत्येकाने ती आधीच्यावर विश्वास ठेवून गिरवली होती.

चार महिने थांबणं ताईंच्याने होण्यासारखं नव्हतं. त्यांना चार मिनिटं थांबवत नव्हतं. त्यांनी शोध काढला की शिक्षिकेला वर कुणी काढलं. पायथ्याच्या वस्तीत राहणारा एक सुतार होता, साठीला टेकलेला, डोंगरावर कुणी अडकलं की दोर घेऊन पहिला धावणारा. गावात त्याला दोरवाले म्हणत. ताई त्याच्या कारखान्यात गेल्या तेव्हा तो दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. त्यांनी नकाशा पुढे केला. त्याने हात पुसले, नकाशा पाहिला आणि पश्चिमेच्या सोंडेवर आडवं बोट ओढलं.

"इथे. घळ आहे इथे. दोन पुरुष खोल. वर गवत वाढतं, काठ दिसत नाही."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. माझी आजी तिथे गवताला जायची. तुमच्या कचेरीतून कधी कुणी विचारायला आलं नाही, ताई."

तो टोमणा मारत नव्हता, एखादं माप सांगावं तसं सांगत होता. ताईंना ते जास्त लागलं. एकतीस वर्षं त्या रोज खिडकीतून ज्या डोंगराकडे बघत होत्या त्याच्यावर त्या तरुणपणी एकदाच चढल्या होत्या, तेही झऱ्यापर्यंत.

नवरा म्हणाला, वय बघ. मुलीने दुसऱ्या शहरातून फोन करून आईला गुडघ्याची आठवण करून दिली. ताईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बूट विकत आणले. पुढच्या मंगळवारी, गर्दी नसते म्हणून, त्या आणि दोरवाले पहाटे चढायला लागले. ताईंच्या पाठीवर मोजफीत, उंची दाखवणारं यंत्र, वही, आणि भाकरीऐवजी चुकून घेतलेला नवऱ्याचा दुकानातला डबा, ज्यात भिंगं पुसायची फडकी होती. हे झऱ्यापाशी उघडकीला आलं. दोरवाल्यांनी आपल्यातलं अर्धं जेवण मुकाट पुढे केलं आणि परतीपर्यंत मधूनच खुदकन हसत राहिले.

कागदावर ज्या वीस मीटरच्या रेघा त्यांनी हजारदा ओढल्या होत्या, त्यातल्या प्रत्येकीला आता गुडघ्याचा हिशोब द्यावा लागत होता. दुसऱ्या पायरीचा कडा नकाशावर केसाएवढा होता. इथे तो हाताने दगड धरून चढायचा होता. खिंडीत वारा असा होता की वही उघडता येईना. खोट्या माथ्यावर पोचल्यावर मागचा चढ पाहून ताई हसल्या. हा चढ त्यांनी स्वतः काढला होता, आणि तरी त्याही फसल्या.

शिखरावरून पश्चिमेला वळल्यावर दोरवाले पुढे झाले. पंधरा मिनिटं सगळं नकाशासारखंच होतं, आणि ताईंना क्षणभर आशा वाटली की आपण एवढंही चुकलो नव्हतो. मग दोरवाल्यांनी हात आडवा केला. समोर गवत सरळ पुढे जात होतं. त्यांनी काठीने ते बाजूला केलं आणि खाली अंधार दिसला. वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे आलेला, खालचा मऊ थर पाण्याने पोखरून नेलेला. काठावर उभं राहिलं तर आपण पोकळीवर उभे आहोत हे कळायला मार्ग नव्हता. खाली, दगडांत, पट्टा तुटलेला एक बूट अजून पडला होता.

ताई बसल्या. दोरवाल्यांना ही बाई बसलेली पहिल्यांदाच दिसत होती. ते जरा दूर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने ताईंनी वही काढली. मोजणी अंधार पडायच्या आत जमण्यासारखी नव्हती. ती पुढे तीन मंगळवार चालली. घळीची लांबी, रुंदी, दोन्ही काठांची उंची. ताई आकडे ओरडायच्या, दोरवाले फीत धरून कमरेला दोर बांधून खाली. तिसऱ्या मंगळवारी गुडघा असा सुजला की उतरताना त्या पाचव्या पायरीपासून पहिलीपर्यंत बऱ्याच जागी बसून घसरत आल्या. नवऱ्याने शेक द्यायला गरम पाणी केलं आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा विचारलं, "खोल किती आहे गं?" मग रात्रीचं जेवण होईपर्यंत ताई त्याला ताटातल्या भाताची सोंड करून घळ समजावत होत्या.

घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो कोपरा पुन्हा काढला. ऐसपैस रेघा गेल्या; त्या जागी रेघा एकमेकींना इतक्या खेटल्या की एके ठिकाणी नुसता काळा पट्टा झाला. सुरेख अजिबात नव्हता. अर्जासोबत तो कागद कचेरीत गेला आणि समितीच्या रांगेत पडला.

समिती तिच्या चालीने चालणार होती, पण पायथ्याचा फलक तर समोर उभा होता. एका बुधवारी सकाळी ताई रंगाचे दोन डबे, ब्रश आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन तिथे गेल्या, आणि फलकावरच्या पश्चिमेच्या सोंडेवर आडवा लाल पट्टा ओढायला लागल्या. पहारेकरी धावत आला. सरकारी फलक आहे, कुणाच्या परवानगीने, वगैरे.

"हा नकाशा मी काढलाय," ताई स्टुलावरूनच म्हणाल्या. "चुकीचा काढलाय."

पहारेकऱ्याने आयुष्यात अनेक सबबी ऐकल्या असतील, ही नव्हती. त्याने वर फोन लावला. तिकडे कुणी उचलला नाही. स्टूल डुगडुगत होतं. बाई पडल्या तर ती वेगळी चौकशी, असा विचार करून त्याने स्टूल धरलं. ताईंनी पट्ट्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं: इथे खोल घळ आहे, काठ दिसत नाही, धुक्यात या बाजूला उतरू नका.

पंधरवड्यात वनखात्याची खरमरीत नोटीस आली.  नोटिशीला उत्तर ताईंनी लिहिलं नाही, शिक्षिकेने लिहिलं, कुबड्यांवर उभी राहायला लागल्यावर, शाळेच्या कागदावर, आपला पाय कुठे आणि कसा मोडला ते क्रमवार सांगून. खाली मुलांच्या सह्या होत्या. त्यानंतर खात्याने तो विषय काढला नाही, आणि काही दिवसांनी त्यांच्याच माणसांनी घळीच्या अलीकडे दोन लोखंडी खांब रोवून साखळी लावली. फोनवरच्या नकाशावाल्यांनी एका पत्रातच दुरुस्ती केली. समितीची बैठक चार महिन्यांऐवजी सात महिन्यांनी झाली, पण झाली. नव्या आवृत्तीत काळा पट्टा जसाच्या तसा आला.

शिक्षिका आता काठी घेऊन चालते. ती डोंगरावर पुन्हा गेलेली नाही, जाणारही नाही म्हणते. ताईंशी ती तशी मोकळी झाली नाही. मैत्री म्हणावी असं काही त्यांच्यात नाही. पण वर्षातून एकदा ती त्यांना वर्गात बोलावते. ताई फळ्याशी उभ्या राहून मुलांना सांगतात की या नकाशातल्या कुठल्या रेघा पायाने काढल्यात आणि कुठल्या टेबलावर. मुलं विचारतात, टेबलावरच्या अजून किती आहेत?

हाच प्रश्न ताईंना स्वस्थ बसू देत नव्हता. नव्या आवृत्तीची प्रत घरी आली त्या दिवशी नवऱ्याला वाटलं होतं, आता सुटलो. ताईंनी पश्चिमेचा कोपरा पाहिला, मान हलवली, आणि पेन्सिल घेऊन उरलेल्या नकाशावर बारीक गोल करायला लागल्या. त्या वर्षी जिथे जिथे मोजणी अपुरी होती ती प्रत्येक जागा. चौदा गोल झाले. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, गोल मोजले, आणि खाली दुकानात गेला. संध्याकाळी त्याने ताईंसाठी उन्हाचा एक चष्मा करून आणला, पडू नये म्हणून मागे दोरी लावलेला.

तीन वर्षांत त्या आणि दोरवाले तेरा जागी जाऊन आले. नऊ ठिकाणी ताईंचा अंदाज बरोबर निघाला. तिथे त्यांना आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. न बघता बरोबर निघालेल्या रेघेचीच त्यांना जास्त भीती वाटते, असं त्या दोरवाल्यांना म्हणाल्या. तीन ठिकाणी थोडा फरक होता. एका जागी कागदावर ओढा होता आणि जमिनीवर नव्हता. तिथे भर दुपारी पाणी शोधत कितीजण हिंडले असतील, याचा विचार त्या दिवसभर करत होत्या.

चौदावी जागा उत्तरेच्या रानात आहे, चौथ्या पायरीच्या मागे. तिथे वाट नाही. हाडांचे डॉक्टर म्हणतात, या गुडघ्याने आता जिनासुद्धा जपून चढायचा. दोरवाले म्हणतात, मी एकटा जाऊन मोजून आणतो, तुम्ही आकडे लिहून घ्या. ताई दोघांनाही "हो" म्हणतात. त्यानंतर दुकानात भिंग घासणाऱ्या नवऱ्याला डोक्यावर पावलं ऐकू येतात, एक पाऊल ठाम, एक किंचित ओढलेलं, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून जिन्यापर्यंत. ती जिना उतरून खाली येतात, पुन्हा वर चढतात, पुन्हा खाली येतात. आठवड्याभरापूर्वी हा फेरा सहा वेळा व्हायचा. काल अकरा वेळा झाला.

"सराव चाललाय वाटतं," आज नवरा मान वर न करता म्हणाला.

ताई तेव्हा खालच्या पायरीवर होत्या. त्यांनी कठडा धरला, श्वास घेतला, आणि बारावी फेरी सुरू केली.